उजवी वर, माथा डावीकडे



आज माझ्या हातात क्यूब आहे. सहा रंगांचा, फिरवून फिरवून जुळवायचा, तोच तो. ज्यांच्या घरात असा क्यूब असेल त्यांनी व्हिडिओ जरा थांबवा आणि तो शोधून आणा. बहुतेक घरांत असतोच. टीव्हीखालच्या खणात, जुन्या रिमोटांच्या शेजारी, एक बाजू कशीबशी जमलेली आणि बाकीच्या पाच विस्कटलेल्या. नसेल तर नुसतं ऐका, हरकत नाही. पण हातात असेल तर मी काय म्हणते ते बोटांना कळेल, आणि या विषयात बोटांना कळणं महत्त्वाचं असतं.

मी गणिताची शिक्षिका नाही. इंदूरला राहते, नोकरी करून निवृत्त झाले, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी क्यूब सोडवायला शिकले. शिकवणारा माझा नातू, बंगळुरूला राहणारा, तेव्हा नऊ वर्षांचा. आमची शाळा व्हिडिओ कॉलवर भरायची. त्यामुळे आज जे ऐकाल ते एका नवशिकीनं नवशिक्यांना सांगितलेलं आहे. वेगाबद्दल मी काही सांगणार नाही. २०२३ साली मॅक्स पार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला. मला चार मिनिटं लागतात. तो वेगळा खेळ, हा वेगळा.

सुरुवात त्या खणातल्या क्यूबपासूनच करू. त्याची एक बाजू जमलेली असते आणि पुढे गाडी का अडते? कारण आपण रंग जमवत असतो. नऊ लाल चौकोन एका बाजूला आणले की आपल्याला वाटतं, सहातली एक बाजू झाली, पाच राहिल्या. तसं नसतं. क्यूबमध्ये चौकोन हलत नाहीत, तुकडे हलतात. नीट बघा. प्रत्येक बाजूच्या मध्यभागी एकरंगी तुकडा आहे, असे सहा. ते जागच्या जागी गोल फिरतात, पण एकमेकांची जागा कधी घेत नाहीत. बाजारातल्या बहुतेक क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर नारिंगी असतो, आणि तुम्ही कितीही पिळा, ते नातं बदलत नाही. मग आठ कोपरे, प्रत्येकाला तीन रंग. आणि बारा कडा, प्रत्येकीला दोन रंग. एकूण सव्वीस तुकडे, त्यांतले हलणारे वीस.

म्हणजे प्रत्येक हलणाऱ्या तुकड्याला घर आहे, आणि घराचा पत्ता मधले तुकडे सांगतात. पांढरी-लाल कड पांढऱ्या आणि लाल मध्यांच्या बरोबर मध्ये राहते, दुसरीकडे कुठेच नाही. खणातल्या क्यूबची लाल बाजू लाल दिसते खरी, पण तिच्या कडेकडेनं बघा: निळ्याशेजारी राहायची ती कड हिरव्याशेजारी बसलेली असते. माणसं योग्य गल्लीत आणि चुकीच्या घरात. एवढं एक लक्षात आलं की क्यूब जुळवण्याचं निम्मं काम झालं असं मी म्हणेन. उरलेलं निम्मं मात्र चांगलंच कष्टाचं आहे.

हा क्यूब एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्टमध्ये तयार केला. ते तिथल्या कला महाविद्यालयात शिकवत, वास्तुरचनाकार होते. पहिला नमुना लाकडाचा. तुकडे एकमेकांपासून न सुटता सगळ्या दिशांना फिरले पाहिजेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. फिरवून बघितलं, रंग विस्कटले, आणि मग परत कसे आणायचे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. महिन्याहून जास्त काळ लागला त्यांना आपलाच क्यूब जुळवायला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या आठवड्यात जमलं नाही म्हणून क्यूब परत खणात टाकणारे पुष्कळ. ज्यानं तो बनवला त्याला महिना लागला, आणि त्याला दाखवायला नातू नव्हता.

क्यूबच्या किती अवस्था होऊ शकतात तो आकडा तुम्ही ऐकला असेल. ४३ लिहा आणि पुढे आणखी अठरा अंक. सेकंदाला एक अवस्था या वेगानं विश्वाच्या जन्मापासून मोजत बसलं असतं, तरी आजवर जेमतेम शंभरावा हिस्सा झाला असता. लोक हा आकडा सांगून घाबरवतात. नवशिक्याला त्याचा काही उपयोग नाही. आपण त्या ढिगात काही शोधत नसतो, एक एक तुकडा घरी नेत असतो. २०१० साली काही गणितज्ञांनी संगणकांच्या मदतीनं सिद्ध केलं की क्यूब कितीही विस्कटलेला असो, जास्तीत जास्त वीस चालींत तो जुळतो. तेही ऐकायला छान आहे. त्या वीस चाली कोणत्या, हे मला किंवा माझ्या नातवाला क्यूब बघून कळत नाही. आम्ही शंभर-सव्वाशे चालींनी जातो. लांबचा पण ओळखीचा रस्ता.

आता भाषेचा मुद्दा, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

क्यूबच्या चाली लिहायला जगभर इंग्रजी आद्याक्षरं वापरतात. डेव्हिड सिंगमास्टर नावाचे गणिती लंडनमध्ये शिकवत, त्यांनी १९७९ च्या सुमाराला ही पद्धत रूढ केली. आर म्हणजे उजवी बाजू, एल म्हणजे डावी, यू वरची, डी खालची, एफ पुढची, बी मागची. नुसतं अक्षर असेल तर त्या बाजूकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेनं पाव वळसा. अक्षरावर टिंबासारखी रेघ असेल तर उलट. कागदावर हे फार सोयीचं आहे. पण नातू कॉलवर धडाधड म्हणायचा, "आर, यू, आर प्राइम, यू प्राइम," आणि मला प्रत्येक अक्षराचं आधी इंग्रजी, मग मराठी, मग हाताची दिशा, असं तीन ठिकाणी उतरून जावं लागायचं. तोवर तो चार चाली पुढे.

मी त्याला म्हटलं, बाळा, मराठीत सांग. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "उजवा वर."

उजवी, मी म्हटलं. उजवी बाजू.

"का? उजवा का नाही?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? त्याच्या बाबांची भाषा कन्नड, आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. बाजू बाई आहे आणि माथा बुवा आहे हे त्याला सरळसरळ अन्याय वाटतं. पण "उजवी वर" त्याला आवडलं, कारण ते छोटं होतं. मग आम्ही दोघांनी बसून सगळी भाषा ठरवली. उजवी वर, उजवी खाली. डावी वर, डावी खाली. वरच्या थराला "वरचा" म्हटलं तर "वर"शी घोटाळा होतो, म्हणून तो झाला माथा. माथा डावीकडे, माथा उजवीकडे. खालचा झाला तळ. तळ डावीकडे, तळ उजवीकडे. पुढच्या बाजूला वर-खाली म्हणता येत नाही, ती चाकासारखी फिरते, म्हणून पुढची सुलटी आणि पुढची उलटी. सुलटी म्हणजे घड्याळाच्या दिशेनं. मागची बाजू आम्हाला लागतच नाही.

एक फायदा असा झाला की घड्याळ डोक्यातून गेलं. उजव्या बाजूकडे तोंड करून घड्याळाची दिशा कोणती, हा विचार करण्यापेक्षा उजवी वर ढकलणं सोपं आहे. लहान मुलांना शिकवणाऱ्यांनी हे करून बघावं. कन्नडमध्ये करा, हिंदीत करा, घरात जी भाषा असेल तिच्यात करा.

तर आता हातातला क्यूब धरा. जुळलेला असेल तर उत्तम. विस्कटलेला असला तरी चालेल, फक्त आत्ता कसा दिसतो ते लक्षात ठेवा, फोनवर फोटो काढून ठेवा. आता चार चाली, माझ्याबरोबर.

उजवी वर. माथा डावीकडे. उजवी खाली. माथा उजवीकडे.

पहिली आणि तिसरी एकमेकींच्या उलट आहेत, दुसरी आणि चौथी एकमेकींच्या उलट आहेत. मग सगळं होतं तसं व्हायला हवं होतं ना? झालेलं नाही. का?

मोजे आणि बूट घ्या. आधी मोजे घालतो, मग बूट. काढताना उलट क्रम: आधी बूट, मग मोजे. तसं केलं तर पाय होते तसे उघडे होतात. क्यूबवरही उजवी वर, माथा डावीकडे, आणि मग माथा उजवीकडे, उजवी खाली केलंत तर काही बदलणार नाही. पण आपण काय केलं? मोजे घातले, बूट घातले, आणि मग आधी मोजे काढायला गेलो. पायावर हे होत नाही, क्यूबवर होतं. आणि त्यातून जो थोडासा गोंधळ शिल्लक राहतो, तोच आपला हत्यार. थोडासा, हे महत्त्वाचं. वीस हलणाऱ्या तुकड्यांपैकी फक्त सात हलले: तीन कडा आणि चार कोपरे. उरलेले तेरा जिथल्या तिथे आहेत. चार वळणं दिली आणि दोन तृतीयांश क्यूबला कळलंही नाही.

आता तेच चार पुन्हा. आणि पुन्हा. मोठ्यानं म्हणा, शेजारी काय म्हणतील त्याची काळजी करू नका. तीन फेऱ्या झाल्या की बघा, त्या तीन कडा घरी परत आल्यात, कोपरे मात्र अजून एकमेकांच्या जागी आहेत. आणखी तीन फेऱ्या करा. चौथी. पाचवी. सहावी.

फोटोशी ताडून बघा. सगळं जसंच्या तसं.

सहा हा आकडा लक्षात ठेवा. शेवटी त्याचं काम आहे.

मला वाटतं, क्यूब शिकण्याची सुरुवात इथून करावी, जुळवण्यापासून नाही. आठवडाभर नुसतं हे चार चालींचं चक्र करत राहा, सहा वेळा, चहा उकळेपर्यंत. दोन गोष्टी होतात. हात बसतो. आणि मोडण्याची भीती जाते, कारण आपण काय मोडतोय आणि ते परत कसं येणार, हे माहीत असतं. माझ्या मते नवशिका क्यूबमध्ये अडतो तो बुद्धी कमी पडते म्हणून नाही. आधी केलेलं काम मोडवत नाही म्हणून अडतो. पांढरी बाजू इतक्या कष्टानं जमवलेली असते की तिला हात लावायला जीव होत नाही, आणि तिला हात लावल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. प्रत्येक सूत्र असंच असतं: जमलेलं थोडं उचकटायचं, त्या फटीतून एक तुकडा आत सरकवायचा, आणि उचकटलेलं परत बसवायचं.

आता रस्ता सांगते. तपशीलवार दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, म्हणून मी भराभर जाते.

पहिलं सूर्यफूल. पिवळा मध्य वर धरा आणि त्याच्याभोवती चार पांढऱ्या कडा आणा. पिवळं बोंड, पांढऱ्या पाकळ्या. निसर्गात असं सूर्यफूल नसतं, असो. मग प्रत्येक पाकळीचा दुसरा रंग त्याच्या मध्याशी जुळवून ती बाजू दोनदा फिरवा. पाकळी खाली पांढऱ्याशेजारी जाऊन बसते. चारही केल्या की तळाला पांढरी फुली तयार, आणि कडाही योग्य घरात. याला सूत्र लागत नाही. दोन-तीन दिवस स्वतः धडपडा, कुणाला विचारू नका.

दुसरं, पांढरे कोपरे. तळातल्या ज्या घरात कोपरा जायला हवा, त्याच्या बरोबर वर तो आणा, पुढे उजवीकडे, आणि आपले चार सुरू करा: उजवी वर, माथा डावीकडे, उजवी खाली, माथा उजवीकडे. कोपरा योग्य तोंडानं खाली बसेपर्यंत. कधी एका फेरीत बसतो, कधी पाच लागतात. बघा, पूर्ण पहिला थर फक्त त्या एका चक्रावर झाला.

तिसरं, मधल्या थराच्या कडा. इथे आठ चाली आहेत. कड उजवीकडे न्यायची असेल तर: माथा डावीकडे, उजवी वर, माथा उजवीकडे, उजवी खाली, मग माथा उजवीकडे, पुढची उलटी, माथा डावीकडे, पुढची सुलटी. एका दमात पाठ करू नका. पहिल्या चार चालींत खाली बसलेला पांढरा कोपरा बाहेर येतो आणि आपल्या कडेला जाऊन चिकटतो. पुढच्या चार चालींत ती जोडी हातात हात घालून परत घरी जाते. एकदा सावकाश, प्रत्येक चालीला थांबून, त्या कोपऱ्यावर बोट ठेवून बघा. हे दिसलं की आठ चालींचं पाठांतर उरत नाही, एक छोटी गोष्ट उरते. डावीकडे न्यायची असेल तर तीच गोष्ट आरशात.

आता दोन थर झाले, वर पिवळी बाजू. चौथी पायरी पिवळी फुली. पुढची सुलटी, मग आपले चार, मग पुढची उलटी. बस. दार उघडलं, आतलं काम केलं, दार लावलं. वर एकच पिवळा ठिपका असेल, किंवा कोन, किंवा आडवी रेघ, त्याप्रमाणे जास्तीत जास्त तीनदा करावं लागतं. कोन असेल तर त्याचे दोन हात मागे आणि डावीकडे राहतील असा क्यूब धरा. इथे एक गंमत: फुलीच्या चार पाकळ्यांपैकी एक किंवा तीनच पिवळ्या दिसतायत, असं कधीच होऊ शकत नाही. दिसलं तर समजा, घरातल्या कुणीतरी क्यूब खोलून तुकडे परत कसेही बसवलेत. तसे बसवले तर तो जुळण्याजोगा निघण्याची शक्यता बारात एक असते. अशा वेळी सूत्राला दोष देऊ नका, मुलांची उलटतपासणी घ्या.

पाचवी पायरी पिवळ्या कडा आपापल्या रंगासमोर आणायची, सहावी पिवळे कोपरे आपापल्या घरात आणायची. कोपऱ्यांचं सूत्र असं: माथा डावीकडे, उजवी वर, माथा उजवीकडे, डावी वर, माथा डावीकडे, उजवी खाली, माथा उजवीकडे, डावी खाली. उजवी आणि डावी आळीपाळीनं. एक कोपरा जागेवर राहतो, तिघं आपसांत खुर्च्या बदलतात. तोंडं वाकडी असली तरी चालेल, घर बरोबर हवं.

आणि मग सातवी. शेवटची.

सगळे तुकडे आपापल्या घरात आहेत, फक्त पिवळ्या बाजूचे काही कोपरे तिरपे बसलेत. पिवळा वर धरा. एक तिरपा कोपरा पुढे उजवीकडे घ्या. सूत्र पुन्हा चारच चालींचं, पण आता तळाचं: उजवी खाली, तळ डावीकडे, उजवी वर, तळ उजवीकडे. त्या कोपऱ्याचा पिवळा वर येईपर्यंत. दोन फेऱ्यांत येईल नाहीतर चार फेऱ्यांत. आला? आता क्यूब हातात फिरवायचा नाही. फक्त माथा फिरवून पुढचा तिरपा कोपरा त्याच जागी आणायचा, आणि पुन्हा तेच.

हे ऐकायला सोपं आहे. करताना काय दिसतं? पहिला कोपरा सरळ होतो आणि त्याच वेळी खालचे दोन थर विस्कटलेले असतात. इतक्या दिवसांचं काम. पांढरी बाजू गेली, मधल्या कडा गेल्या. इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका थांबतो. काही तरी बिघडलं म्हणून परत पहिल्या पायरीला जातो, आणि परत इथेच येऊन थांबतो.

कॉलवर मी इथपर्यंत आले तेव्हा नातू पडद्याच्या अगदी जवळ आला होता, त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. "आजी, तू थांबू नकोस," तो म्हणाला. "खाली बघू नको. मोज."

आम्ही मोजलं. पहिल्या कोपऱ्याला दोन फेऱ्या. माथा फिरवला. दुसऱ्याला चार. तीन, चार, पाच, तो माझ्याबरोबर म्हणत होता, मराठीत, आणि सहा म्हटल्याबरोबर खालचे दोन्ही थर माझ्या हातात आपोआप जुळून आले. माथा अर्धा वळसा फिरवला आणि क्यूब झाला.

कसं काय? तेव्हा मला कळलं नव्हतं, त्यालाही नव्हतं. नंतर वही घेऊन बसले. हे तळाचं चक्रही आपल्या पहिल्या चक्रासारखंच आहे: सहा वेळा केलं की सगळं परत. माथ्यावरचा तो एक कोपरा सोडला तर ते फक्त खालच्या दोन थरांना हात लावतं. म्हणजे एकूण फेऱ्या सहा किंवा बारा झाल्या, की खालचं आपोआप जागेवर येणार. आणि त्या तेवढ्याच होतात, कारण जुळण्याजोग्या क्यूबमध्ये कोपरे वाटेल तसे तिरपे असू शकत नाहीत. दोन तिरपे असतील तर एकाला दोन आणि एकाला चार फेऱ्या, एकूण सहा. तीन असतील तर तिघांना दोन-दोन, म्हणजे सहा, नाहीतर तिघांना चार-चार, म्हणजे बारा. चारही तिरपे असतील तर दोघांना दोन-दोन, दोघांना चार-चार, बारा. दुसरा हिशेब बसतच नाही. एकटाच कोपरा तिरपा असेल तर तो कुणीतरी बोटानं मुरडलेला आहे.

ही वही मी नातवाला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. क्यूब त्यानं मला शिकवला, हे मी त्याला शिकवलं. त्याला चाळीस सेकंद लागतात, सूत्रं पाठ आहेत, पण खालचं का जुळतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मुलं विचारत नाहीत, त्यांचा हातांवर विश्वास असतो. आमच्या वयात तो विश्वास उरलेला नसतो, म्हणून कारण लागतं. कारण हातात असलं की उद्ध्वस्त दिसणाऱ्या क्यूबकडे बघत पाचवी फेरी करता येते.

माझी एक मैत्रीण म्हणते, हे सगळं पाठांतर आहे, यात बुद्धी कुठे आली? तिचं अर्धं बरोबर आहे. पण पाढेही पाठच केले होते की आपण. १९८१ साली पॅट्रिक बॉसर्ट नावाच्या एका इंग्लिश शाळकरी मुलानं क्यूब सोडवण्याचं पुस्तक लिहिलं आणि ते लाखोंनी खपलं. घेणाऱ्यांत मोठी माणसंही असणारच. सूत्र दुसऱ्याकडून घेण्यात कमीपणा नाही. माझं म्हणणं इतकंच, की घेतलेल्या सूत्रांपैकी एक तरी उसवून बघा. सगळी नको. मलाही पाचव्या पायरीचं सूत्र का चालतं हे नीट सांगता येत नाही, ते मी पाठच केलंय. पण मोजे-बुटांचं, कोपरा आणि कडेच्या जोडीचं आणि सहाच्या हिशेबाचं माझं स्वतःचं आहे.

बाहेरच्या राज्यांत राहणारे तुम्ही बरेच जण ऐकताय, म्हणून एक सांगते. क्यूबमुळे नातवाला मराठी आलं असं काही मी म्हणणार नाही. तसं काही झालेलं नाही. पूर्वी आमचा कॉल "कसा आहेस", "बरा आहे", "अभ्यास कर" एवढ्यात संपायचा, आणि फोन परत आईकडे जायचा. आता कधी कधी पाऊण तास चालतो, आणि त्यात त्याचे मराठी शब्द पन्नास-साठच असतात: उजवी, डावी, माथा, तळ, कड, कोपरा, घर, सुलटी, उलटी, थांब, मोज, परत. पण ते शब्द तो विचार न करता वापरतो, भाषांतर करून नाही. गेल्या महिन्यात त्यानं वर्गातल्या एका मुलाला क्यूब शिकवायला घेतला. तो मुलगा तमिळ. हा त्याला इंग्रजीतून समजावत होता आणि मधेच "माथा डावीकडे" म्हणाला, असं त्याची आई सांगत होती. त्या मुलानं माथा फिरवला म्हणे डावीकडे.

सुरू करणार असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. फार कडक, कुरकुरणारा क्यूब घेऊ नका, मनगटं दुखतात आणि चाल अर्धवट राहते. आणि चिकटवलेल्या कागदांचा नको, प्लास्टिकच रंगीत असलेला घ्या, म्हणजे कुणाला रंग सोलून "जुळवला" म्हणता येणार नाही. रोज पंधरा मिनिटं पुरे. कुणाबरोबर तरी करा, आणि चाली मोठ्यानं म्हणा.

आमचं सध्या एकच अडलंय. नातू आता वेगाची नवी पद्धत शिकतोय, तिच्यात उजवी आणि डावी यांच्या मधला थर फिरवावा लागतो, आणि त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. मी "मधली" सुचवलं. त्याला पसंत नाही. म्हणाला, माथा आहे, तळ आहे, तर हे पोट. पोट वर, पोट खाली. मी म्हटलं, चालेल. आणि पोट हा शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे त्याची ती तक्रारही उरली नाही.